सहा फूट चेहरा

मानवत,
१० सप्टेंबर १९७८

लिंबाजी, रामराम.

तुझा औरंगाबादचा पत्ता आपल्या गावच्या पोस्टमनकडून काढून घेतला. दिनकरराव आधी नाहीच म्हणत होते, पण दोन कप चहा पोटात गेल्यावर त्यांचं सरकारीपण विरघळलं. त्यांना दोष देऊ नकोस. द्यायचा तर मला दे, पण आधी ऐकून तर घे.

जत्रेच्या खेळाला जे झालं ते सिनेमाच्या मशीनमुळे झालं. आदल्या आठवड्यात जिंतूरला शेवटचं रीळ मशीनच्या गेटमध्ये अडकलं आणि भोकांच्या कडेनं फाटत गेलं. फाटका तुकडा काढून मी मागचं-पुढचं जोडून टाकलं. तुला सांगायचं राहिलं. जत्रेचे दिवस, तंबूचे खुंटे, जनरेटर, एक का भानगड असते! नेमका तुझ्या चेहऱ्याचाच तुकडा गेला, त्याला मी काय करणार?

आजवर आपलं रीळ शंभर वेळा तुटलं असेल. दर वेळी तू माईकवर बोलून ती फट बुजवलीस. पूर्णेला रॉकेटचा अर्धा प्रवासच गायब होता, तेव्हा "गडी झोपलाय मंडळी, लांबचा पल्ला हाय, उठवू नका" म्हणून तू वेळ मारून नेलीस आणि वर टाळ्या घेतल्यास. मी त्याच भरवशावर होतो. पण जत्रेत तू आधीच पुकारून बसलास: "मंडळी, आता गडी टोप काढनार. नीट बघा, तुमच्या वळखीचा निघंल." आणि टोप काही निघाला नाही. टोपाला हात लागतो न लागतो तोच रॉकेट उडालं अन् खेळ खलास. लोक हसले. जत्रेतले लोक, हसणारच. तू माईक खाली ठेवलास. मला वाटलं विडी ओढायला गेलास. सकाळी कळलं की तू चालत सेलूचं स्टेशन गाठलंस.

एवढ्या-तेवढ्यावरून माणूस गाव सोडतो का?

हा सिनेमा उभा कसा राहिला ते तरी आठव. हैदराबादेत भंगारवाल्याकडे तीन डबे सापडले. कोणी म्हणे रशियाचा, कोणी म्हणे जपानचा. त्यातलं अवाक्षर आपल्याला कळत नव्हतं आणि रिळं तरी सलग कुठे होती? रॉकेट, वाळवंट, काचेच्या तोंडाचे टोप घातलेली माणसं आणि ते घोरपडीसारखं जनावर. तूच म्हणालास, "गोऱ्यांची तोंडं तेवढी काढ. टोपातले राहू दे. टोपात कोन हाय ते कुनाला कळतंय? आपलाच मानूस समजतील." महिनाभर मी ब्लेड आणि जोड लावायचं सोल्युशन घेऊन बसलो. एकूण एक गोरं तोंड काढलं. 'तांबड्या ताऱ्यावर' हे नाव तू दिलंस. चित्र काळं-पांढरं, पण तू तांबडं म्हटलंस की लोकांना तांबडंच दिसायचं.

मग परभणीच्या लग्नातल्या फोटोवाल्याचा कॅमेरा मागून आणला आणि गेल्या वर्षी भर मे महिन्यात तुला दुधनेच्या कोरड्या पात्रात उभं केलं. मानवतच्या जिनिंगमधल्या जाड कापडाचा पोशाख, आत कापूस ठासून भरलेला. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला काच लावून केलेला टोप. तू तो काढलास तेव्हा तुझ्या तोंडावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तू हसत होतास. सबंध सिनेमात माणसाचा चेहरा म्हणून तो एकच. सहा फूट फिल्म, दहा सेकंद. मानवत, जिंतूर, पूर्णा, सगळीकडे त्या दहा सेकंदांना शिट्ट्या पडल्या. असला तुकडा मी मुद्दाम कशाला घालवीन?

गावातली बातमी तुला लागली असेलच. विद्यापीठाच्या नावावरून आषाढात सगळीकडे पेटलं, आपल्याकडेही पेटलं. ट्रॅक्टरमधून आलेले लोक बाहेरचे होते. आपल्या गावातलं कोणी नव्हतं. तुमच्या वस्तीतली नऊ घरं गेली, त्यात तुमचं. तुझी माय सुखरूप आहे. ती रानात निंदायला गेली होती म्हणून वाचली. राखेत तुझा टोप सापडला, एका बाजूनं वाकडा झालेला. त्यात ती आता कोंबड्यांना पाणी ठेवते.

आपल्या तंबूत कोणाला कधी मज्जाव नव्हता. तिकीट सगळ्यांना एकच होतं. हे तू तरी विसरू नकोस.

परत ये. तुझ्या जागी एका मास्तरांना बसवलंय. रॉकेट उडताना ते "विद्यार्थीमित्रहो" म्हणाले.

तुझा,
सुग्रीव


जिंतूर,
६ मार्च १९८३

लिंबाजी,

चार पत्रांना उत्तर नाही, तरी हे पाचवं. आमची दैवशाला म्हणते, भिंतीला पत्रं लिहिली असती तर एव्हाना भिंत बोलली असती. नवऱ्याला टोचून बोलण्यात तिचा हात कोणी धरायचा नाही, हे तुला माहीतच आहे.

परवा मशीनचा दिवा आणायला औरंगाबादला आलो होतो. बसस्टँडवर उतरलो आणि वर कर्ण्यातून आवाज आला, "जालना, मंठा, जिंतूरमार्गे परभणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे." मी जागच्या जागी थांबलो. शुद्ध भाषा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण जिंतूर म्हणायच्या आधी तू बारीकसा दम घेतोस. रॉकेट उडायच्या आधी घ्यायचास तसाच. तेवढ्यावरून ओळखलं.

चार तास बाकावर बसून होतो. तू गावांची नावं घेत होतास आणि मी ऐकत होतो. तुझी खिडकी वीस पावलांवर. एकदा उठून तिथवर गेलोही. आत तुझी पाठ दिसली. मानेवरचे केस पिकायला लागलेत. मी तसाच मागे फिरलो. दिवाही आणला नाही. घरी सांगितलं, दुकान बंद होतं. खोटं माझ्या तोंडून फार सहज निघतं, लिंबाजी. ते मला त्या बाकावर बसल्यावर समजलं.

तर आता खरं लिहितो. रीळ जिंतूरला फाटलं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी माणिकराव तंबूत आले. खेळ त्यांच्या शेतात होता, हे तुला ठाऊक आहे. तुझं ते माईकवरचं वाक्य त्यांच्या कानावर गेलेलं होतं: "तांबड्या ताऱ्यावर पाटील न्हाई का कुळकर्नी न्हाई, म्हनून तर गेलाय गडी." ते त्यांनी हसण्यावारी नेलं. मग म्हणाले, "सुग्रीवा, दिवस कसे चाललेत तुला ठावं हाय. विद्यापीठाचं त्ये चालूच हाय. टोप हाय तवर चालू दे. काढतो तेवढं काप."

ते गेल्यावर मी कापलं. शेत त्यांचं आणि आमचं घर त्यांच्या भावकीतलं. नाही म्हटलं असतं तर तंबू उखडला असता आणि मग तुझा आवाजही कोणी ऐकला नसता. तुला सांगितलं असतं तर तू माईकवर बसला नसतास, म्हणून सांगितलं नाही. वाटलं, सवयीनं बुजवशील. हे पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं.

तुकडा मी टाकलेला नाही. बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवलाय.

तुम्ही मायलेक वर्षा-दोन वर्षांनी सेलूच्या स्टेशनवर भेटता, हे मला दिनकररावांकडून कळतं. बाकावर बसून भाकरी खाता आणि तू गाडीनं, ती चालत, आपापल्या वाटेनं जाता. तू म्हणे गावात पाय ठेवणार नाहीस आणि ती गाव सोडणार नाही. मी एकदा तिला विचारलं, "बायनाबाई, पोराकडं जात का नाहीस?" तर म्हणाली, "तुमाला काय करायचंय?" आणि टोपातलं जुनं पाणी माझ्या पायापाशी ओतून दिलं.

सुग्रीव


आपलं गाव,
१९ नोव्हेंबर १९८८

लिंबाजी,

तंबू विकला. सेलूत आणि मानवतात आता व्हिडिओ आलेत, लोक खोलीत बसून एका दिवसात तीन-तीन सिनेमे बघतात. एका व्यापाऱ्यानं कापसाच्या गंजीवर टाकायला कापड नेलं. मशीन मात्र ठेवलंय, आणि आपलं रीळही.

तंबू उतरवताना पडदा घडी करायला घेतला आणि दोर हातात आला. पडद्याच्या मागे बांधायचा तो. तुला मी लिहिलं होतं की तंबूत कोणाला मज्जाव नव्हता, तिकीट एकच होतं. तिकीट एकच होतं. पण आपल्या गावच्या जत्रेत तुमची वस्ती पडद्यामागे बसायची, दोरापलीकडे, आणि सिनेमा उलट्या बाजूनं बघायची. उजव्याचं डावं झालेलं, पाटीवरची अक्षरं उलटी. दुसऱ्या कुठल्या गावात तो दोर मी बांधला नाही. आपल्या गावात बांधायचो, कोणी न सांगता. तूही कधी बोलला नाहीस आणि मी ती तुझी संमती धरली.

जत्रेच्या त्या संध्याकाळी तुझी माय तिथे बसली होती. हे मला नंतर कळलं असं नाही. दुपारीच ती मला तंबूपाशी भेटली होती, धुवट लुगडं नेसून, केस विंचरून. म्हणाली, "समद्या दुनियेनं बघितलं म्हनं माज्या पोराला. आज म्या बघनार." तेव्हा तो तुकडा माझ्या खिशात होता. मी म्हटलं, लवकर ये, जागा मिळणार नाही.

माणिकरावांनी मला धमकी दिली नव्हती. मागचं पत्र वाचून तुला तसं वाटलं असेल, कारण मी ते तसं वाटावं म्हणूनच लिहिलं होतं. ते एकदाच बोलले, तंबाखू मळत, निघता निघता. मी "बघू" म्हटलं असतं तरी भागलं असतं. खेळाला ते आलेसुद्धा नाहीत. तंबू वगैरे काही उखडला गेला नसता. मी फक्त नको ती कटकट नको म्हणून कापलं.

आषाढातल्या त्या दिवसाचंही लिहून टाकतो. ट्रॅक्टरमधले लोक बाहेरचे होते, पण घरं दाखवायला आपल्याच गावचे पुढे होते. मी माळवदावर उभा राहून बघत होतो. खाली उतरलो नाही. दैवशाला म्हणाली, "उतरा की, तुमच्या दोस्ताचं घर हाय." मी तिला गप्प बस म्हटलं.

आता एकच राहिलं आणि ते लिहायला मला दहा वर्षं लागली. लोक हसले तेव्हा मीही हसलो. का हसलो ते आजही नीट सांगता येत नाही. भ्यायलो होतो आणि कोणी काही विचारलं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. पण हसलो हे खरं. माईक ठेवताना तू मागे वळून मशीनकडे बघितलंस. झोत तुझ्या डोळ्यांवर होता, तुला मी दिसलो नसेन, अशी समजूत घालून आजवर निभावलं. तुला मी दिसलो होतो ना?

उत्तर देऊ नकोस. मला ते झेपणार नाही.

सुग्रीव


आपलं गाव,
२३ जानेवारी १९९४

लिंबाजी, जयभीम.

हा शब्द माझ्या हातून पहिल्यांदाच कागदावर उतरला. खोडणार नाही.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाची बातमी रेडिओवर आली. वस्तीत पेढे वाटले. आमच्या आळीत लोक कवाडं लावून बसले आणि मारुतीपाशी पोलिसांची गाडी उभी राहिली. यंदा काही झालं नाही. सोळा वर्षांत दोन्हीकडची माणसं म्हातारी झाली, त्यामुळे असेल. माणिकराव तर परवाच्या पावसाळ्यात गेले.

मी तो तुकडा डब्यातून काढला. कडा आखडल्या होत्या, पण चित्र शाबूत आहे. थर खरवडून, सोल्युशन लावून त्याच्या जागी पुन्हा जोडला. एक जोड दोनदा करावा लागला. मग मशीन बैलगाडीत घालून बायनाबाईकडे गेलो. विचार असा होता की वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर खेळ लावायचा. वस्ती बघेल, बायनाबाई ऐकेल आणि माझं ओझं उतरेल.

तिची नजर काचबिंदूनं गेली हे तुला माहीतच आहे. आवाजावरून तिनं मला ओळखलं. सगळं सांगितलं तिला, खिशातल्या तुकड्यासकट, हसण्यासकट. ती म्हणाली, "आना हिकडं." मी रीळ तिच्या मांडीवर दिलं.

तुला आठवत असेल, माझे जोड बोटाला लागतात. एकावर एक चढवलेली फिल्म तिथे जराशी जाड होते. मी शेवटाकडून उलगडत गेलो आणि ती अंगठा आणि बोट यांच्यामधून ती पट्टी सरकवत राहिली, वाती वळताना कापूस सरकवतात तशी. एका ठिकाणी थांबली. "ह्यो एक." मग हात हात मोजत पुढे गेली. "ह्यो दुसरा. ह्येच्या मदी माजं लेकरू?"

"हो."

"चार हात भरतंय." ती पट्टी तिनं गालाला लावली. "जलमला तवा हातभर बी नव्हता."

मला रडू आवरेना. ती मात्र रडली नाही. रीळ गुंडाळायला परत देताना म्हणाली, "कुटं कापलं व्हतंस हे?"

"जत्रेत. तंबूत."

"मंग हितं कशाला घिऊन आलास? आमाला ठावं हाय त्येचं तोंड. सुग्रीवा, गावाम्होरं कापलंस, गावाम्होरं दाखव."

ती माझ्या आईपेक्षा मोठी. जन्मभर मला 'तुमी' म्हणत आली आणि मी तिला नुसतं 'तू' म्हणत आलो. त्या दिवशी ती पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली. मला ते बरं वाटलं.

मग तिनं मला ते सांगितलं, जे तुलाही कधी सांगितलं नसावं. "गाव का न्हाई सोडलं म्या? गावानं हसून घालवलं त्येला. गाव गप बसून बघंल, तवाच म्या त्येच्या घरी जाईन. डोळं गेलं तरी बसलेय."

घर जळलं तेव्हा नवं घर तिनं त्याच जागेवर का उभं केलं, नातवंडांची तोंडं बघायलाही सेलूच्या बाकापुढे का गेली नाही, ते मला तेव्हा कळलं. सोळा वर्षं ती माझी वाट बघत होती.

मी अजून हो म्हटलेलं नाही. चैत्रात जत्रा आहे. मला या गावात राहायचंय, याच भावकीत मरायचंय. भीती वाटते, लिंबाजी. तू येशील का? माईक तुझा आहे. तू बोललास तर मी मशीन चालवीन.

सुग्रीव


जिंतूर बसस्टँड,
२७ एप्रिल १९९४, सकाळ

लिंबाजी, जयभीम.

तू आला नाहीस. बरंच केलंस. आला असतास तर फट बुजवायचं काम मी पुन्हा तुझ्यावरच टाकलं असतं.

माणिकरावांच्या मुलानं शेत दिलं नाही. मी वाद घातला नाही. मारुतीच्या पारावर मशीन ठेवलं आणि समोरच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खेळ लावला. पांढरीफेक भिंत आहे, आणि भिंतीला मागची बाजू नसते. दिवेलागणीला वस्तीतली माणसं आली आणि सवयीनं कडेला उभी राहिली. मी बायनाबाईचा हात धरून तिला पुढे आणलं, पार संपतो तिथे सतरंजीवर बसवलं. आमच्या भावकीतले दोघे तेव्हाच उठून गेले.

बाकी गाव होतं. जत्रेला आलेले लोक फुकटचा खेळ सोडत नाहीत. पोरांना ते घोरपडीसारखं जनावर बघून हसू आलं, त्यांनी टीव्हीवर याहून मोठी जनावरं बघितलीत. माईकवर मीच होतो. मास्तरांपेक्षा वाईट बोललो. रॉकेट उडताना माझा घसा बसला आणि बायनाबाई खालून म्हणाली, "मोट्यानं बोल." मी मोठ्यानं बोललो.

शेवटच्या रिळात गड्यानं टोपाला हात लावला. तू बोलायचास तसं काही मला सुचलं नाही. जे होतं ते बोललो. "मंडळी, ह्यो आपल्या गावचा लिंबाजी. बायनाबाईचा. सोळा वर्सांमागं ह्येचं तोंड म्या कापलं. कुनी जबरी केली न्हाई, म्या कापलं. तुमी हसलात तवा म्याबी हसलो. आता बघा."

तू भिंतीवर आलास. तिशीतला, घामानं निथळलेला, हसतोयस. तुझं तोंड एवढं मोठं की ग्रामपंचायतीची पाटी तुझ्या कपाळावर आली होती. दहा सेकंद झाले, रॉकेट उडालं. मी मशीन थांबवलं, रीळ मागे फिरवलं आणि पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा कुठून तरी ढेकूळ आलं आणि तुझ्या गालाजवळ फुटलं. बरेच लोक उठले. मी तिसऱ्यांदा लावलं. दैवशाला बायकांतून उठून पुढे आली आणि बायनाबाईशेजारी जाऊन बसली. कोणी बोलत नव्हतं. जनरेटरचा आवाज तेवढा येत होता.

दिवे लावल्यावर बायनाबाईनं विचारलं, "हासलं का कुनी?"

"नाही."

"उटून गेलं?"

"पुष्कळ गेले."

"बसल्यात का कुनी?"

मी मोजून सांगायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं. "बसल्यात न्हवं? मंग झालं."

काल सकाळी मशीनची वायर कोणीतरी तोडून टाकलेली सापडली. भावकीनं बोलणं टाकलंय. ते अपेक्षितच होतं. वायर मी जोडून घेतली, जोडायचं काम मला येतं.

आज उजाडायच्या आत तुझी माय आमच्या दारात उभी होती. तिच्या शेजारच्या मनकर्णेनं तिला आणून सोडलं होतं. काखेत बोचकं. कोंबड्या आणि पाणी ठेवायचा टोप दोन्ही मनकर्णेला देऊन टाकले म्हणाली. दैवशालानं तिला आत घेतलं, आमच्याच कपात चहा दिला. आमच्या ओसरीवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली. या घराला लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण लिहितोय. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "चल, मला गाडीत बसव."

आता ती समोरच्या औरंगाबाद गाडीत खिडकीशी बसलीय. रिळाचा डबा मांडीवर आहे, कंडक्टरनं वर ठेवायला मागितला तर दिला नाही. ते रीळ तुझं आहे. त्यात माझं आता काही नाही. माफी मागायला शब्द शोधत होतो, सापडले नाहीत. तुझ्याकडून उत्तराची वाट मी बघणार नाही, पण वाट बघायची सवय मोडेल असं वाटत नाही.

तुझी पाळी दुपारी दोनपर्यंत असते, हे पहिल्या वेळेनंतर आणखी दोनदा औरंगाबादला येऊन मी त्याच बाकावरून ऐकून गेलोय. गाडी पोचल्याची नोंद करायला कंडक्टर तुझ्या खिडकीशी येईल, तेव्हा हे पाकीट देईल. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की गाडीत तुझी माय आहे, आधी तिला पुकार, मग वाच. मी तिला म्हटलं, तिथे गर्दी असते, कंडक्टर उतरवून देईल. तर म्हणाली, "त्येचा आवाज आल्याबिगर म्या उतरनार न्हाई."

तिला फलाट दिसणार नाही, गाडीवरची पाटी दिसणार नाही, तूही दिसणार नाहीस. ती ऐकत बसली असेल. नाव घेऊन पुकार, लिंबाजी. तिचं नाव बायनाबाई आहे आणि ती जिंतूरच्या गाडीनं आली आहे.

सुग्रीव